गुन्हेगार कोणास म्हणावे?

ऐन वैशाखात, दिवसभराची तलखी जरा ओसरली की आपण मंडळी कामधाम आटोपून येथे जमता आणि दोन विचार ऐकून घेता, ही साकोलीसारख्या गावाला भूषणावह गोष्ट आहे. वसंत ऋतूतील व्याख्यानांची ही प्रथा पुण्यास १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पाडली. रानडे पेशाने न्यायाधीश होते. तेव्हा त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर उभे राहून कोर्टकचेरीतल्या एखाद्या शब्दाचा विचार करावा, यात काही वावगे होईल असे वाटत नाही. आजचा विषय अशाच एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘गुन्हेगार’.

‘हा कसला विषय? गुन्हेगार म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे,’ असे कोणी म्हणेल. शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे, हे खरे. परंतु जो शब्द रोज तोंडात असतो त्याचाच अर्थ आपण क्वचित तपासून पाहतो. हा शब्द असा आहे की तो चुकून वापरला तर बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि ज्याला लागतो त्याचे मात्र आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून त्याची थोडी झडती घेणे आवश्यक आहे.

समजा, आठवडी बाजाराचा दिवस आहे. एका दुकानातील गल्ला नाहीसा झाला. पोलिसांनी संशयावरून एका तरुणास पकडले आणि गाडीत बसविले. गाडी ठाण्यावर पोहोचायच्या आधीच बाजारभर बोलवा होते की ‘गुन्हेगार सापडला’. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पानठेल्यावर, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावी. त्या तरुणाच्या बहिणीची सोयरीक जुळत आलेली असते, ती मोडते. तो ज्या राइस मिलमध्ये कामाला असतो तेथला मालक त्याला हिशेब चुकता करून मोकळे करतो. पुढे वर्षा-दीड वर्षाने कोर्ट त्याला निर्दोष म्हणून सोडते. ही बातमी मात्र बाजारात येत नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी ‘गुन्हेगार’ म्हटले त्यांच्यापैकी एकही जण घरोघर जाऊन आपला शब्द परत घेत नाही. हे चित्र कल्पनेतले आहे. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाला त्यात ओळखीचा एखादा चेहरा दिसल्याशिवाय राहणार नाही.

आता असे पहा की, या तरुणाला कोणत्या वेळी काय म्हणावे याबद्दल मराठीत शब्दांचा दुष्काळ मुळीच नाही. पोलीस ज्याच्यावर नुसता वहीम घेतात तो संशयित. ज्याच्यावर रीतसर आरोप ठेवला गेला तो आरोपी. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने त्याला ‘आरोपित’ म्हणावयास हवे होते. पण मराठीने ‘आरोपी’ हे रूप रूढ केले आणि आता तेच पक्के झाले आहे. ज्याने तक्रार केली तो फिर्यादी. फिर्याद या फारसी शब्दाचा मूळ अर्थ आक्रोश, दाद मागण्यासाठी फोडलेला टाहो. टाहो फोडणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. पण टाहो म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टाने साक्षीपुरावे तपासून दोष शाबीत झाला असे ठरविले म्हणजे तो इसम सिद्धदोष ठरतो. येथवर आल्यानंतरच त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. त्याआधी नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्याला तर हा भेद समजण्यास मुळीच कठीण जाऊ नये. आपण हिंदीच्या शेजाराला राहणारे लोक. जुन्या मध्यप्रांतात मराठी आणि हिंदी एकाच कचेरीत नांदत होत्या. हिंदी-उर्दूत कोर्टातले दोन शब्द फार नेमके आहेत. एक मुलजिम आणि दुसरा मुजरिम. ज्याच्यावर इलजाम म्हणजे आरोप आहे तो मुलजिम, आणि ज्याचा जुर्म म्हणजे अपराध शाबीत झाला तो मुजरिम. दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण त्यांच्यामध्ये अख्खा खटला उभा असतो. आपल्या तुरुंगातील भाषेतही असाच भेद आहे. ज्याचा खटला चालू आहे तो कच्चा कैदी आणि ज्याला शिक्षा लागली तो पक्का कैदी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत दर शंभर बंद्यांपैकी सुमारे ७५ कच्चे होते. म्हणजे तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या चार माणसांपैकी तीन माणसे कायद्याच्या दृष्टीने अद्याप गुन्हेगार नव्हती. आपण मात्र त्या भिंतीकडे बोट दाखवून सरसकट एकच शब्द उच्चारतो.

पोलीस ठाण्यातील बोलीनेही थोडा घोटाळा केला आहे. ‘अमक्यावर गुन्हा दाखल झाला’ असे वर्तमानपत्रात वाचले की वाचकाला वाटते, आता राहिले काय? वस्तुतः गुन्हा दाखल होणे म्हणजे एवढेच की, अशी एक घटना घडल्याची खबर पोलिसांकडे आली, तिला नंबर पडला आणि तपासाला आरंभ झाला. ती तपासाची पहिली पायरी आहे, न्यायाची शेवटची नव्हे. ‘दखलपात्र गुन्हा’ या शब्दाचाही असाच गैरसमज होतो. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येते आणि कोर्टाच्या हुकुमाची वाट न पाहता तपास करता येतो असा गुन्हा. त्यावरून गुन्हा शाबीत झाला असे मुळीच होत नाही. कायद्याच्या मराठी पाठात तर बहुधा ‘गुन्हा’ हा शब्दही नसतो. तेथे ‘अपराध’ असतो. १८६० सालचा जुना दंडविधान कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली आहे, परंतु एक मूलभूत तत्त्व जसेच्या तसे राहिले आहे. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, आणि तो वाजवी संशयाला जागा उरणार नाही अशा रीतीने सिद्ध करावा लागतो. आपण लोक मात्र ‘संशयाचा फायदा मिळाला म्हणून सुटला’ असे नाक मुरडून म्हणतो. संशयाचा फायदा ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी जाऊ नये म्हणून समाजाने स्वतःच्या हाताला घातलेला तो बांध आहे.

कायदा शब्दांच्या बाबतीत किती काटेकोर असतो याचे एक गमतीदार उदाहरण देतो. चार जणांनी मिळून वाटेत एखाद्याला धाक दाखवून लुटले तर ती जबरी चोरी. हेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी केले की तो दरोडा. आपण सर्वांनाच दरोडेखोर म्हणून मोकळे होतो. कायदा मात्र आधी माणसे मोजतो आणि मग शब्द वापरतो. हा मोजून बोलण्याचा गुण आपणही थोडा उचलला पाहिजे.

आता या शब्दाच्या कुळाकडे वळू. ‘गुनाह’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ केवळ कायद्याचा भंग नव्हे, तर पाप. त्याला ‘गार’ म्हणजे करणारा हा प्रत्यय लागून गुनाहगार झाला. म्हणजे मुळात तो पापी. मराठीत येताना ‘गुनाह’चा गुन्हा झाला आणि पापाचा रंग पुष्कळसा पुसला जाऊन कचेरीचा रंग चढला. आपल्याकडे संस्कृतातून आलेला ‘अपराध’ आहे. त्याचे मूळही पाहण्यासारखे आहे. ‘अप’ म्हणजे दूर, आणि ‘राध्’ म्हणजे साधणे. जे साधावयाचे ते साधले नाही, नेम चुकला, तो अपराध. ज्याचा बाण लक्ष्याला लागला नाही अशा धनुर्धराला संस्कृतात ‘अपराद्धेषु’ म्हणत. नेम चुकलेला धनुर्धारी पुढच्या वेळी नेम साधू शकतो, ही आशा त्या शब्दातच आहे. म्हणूनच देवापुढे आपण ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट मराठेशाहीच्या कागदपत्रांत सापडते. त्या काळी ‘गुन्हेगारी’ हा शब्द आजच्या अर्थाने वापरीत नसत. गुन्हेगारी म्हणजे दंड, म्हणजे सरकारात भरावयाची रक्कम. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा निवाड्यास आला म्हणजे जो जिंके त्याने हरकी द्यावयाची आणि जो हरे त्याने गुन्हेगारी द्यावयाची, असा रिवाज होता. हरकी म्हणजे हर्षापोटी दिलेली रक्कम, आणि गुन्हेगारी म्हणजे खोटा दावा केल्याबद्दलची भरपाई. याचा अर्थ असा की, गुन्हेगारी ही माणसाच्या रक्तात असणारी वस्तू नव्हती. ती त्याच्या कनवटीतून जाणारी वस्तू होती. एकदा भरली की फिटली. गावकी-भावकीतही तीच रीत. कोणाच्या हातून मोठा प्रमाद घडला तर दंड, प्रायश्चित्त, गोताला जेवण, आणि मग त्याला पुन्हा गोतात घ्यावयाचे. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हते असे माझे म्हणणे नाही. जातीची उच्चनीचता त्यात होती, दिव्यासारखे क्रूर प्रकारही होते. परंतु निदान शब्दाला शेवट होता. चूक, दंड आणि सुटका अशा तीन पायऱ्या होत्या.

हा शब्द माणसाच्या अंगाला कायमचा केव्हा चिकटला? त्याची तारीख सांगता येते. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्याला मराठीत ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ म्हणतात. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारलेल्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावता येऊ लागला आणि १९२४ साली पुन्हा एकत्र करून पक्का करण्यात आला. त्यातील तत्त्व अजब होते. एखादी जमातच्या जमात सरकारने गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची. मग त्या जमातीत जो जन्मेल तो गुन्हेगार. त्याने काही केले आहे की नाही हा प्रश्नच उरला नाही. नावे रजिस्टरात चढवावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, गाव सोडावयाचे तर परवाना मागावयाचा. सोलापूरला तारेच्या कुंपणात अशा लोकांची मोठी वसाहत होती आणि त्यांतील पुष्कळ लोक तेथल्या कापडगिरण्यांत राबत असत. शहरातील लोक त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणत.

या जमाती कोण होत्या? त्यांत अनेक फिरस्ते होते. आपल्या गावावरून जो मोठा रस्ता रायपूरकडे जातो, त्या बाजूने एके काळी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ये-जा करीत. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडाकडे आगगाडी सुरू झाली. जे काम शेकडो बैल करीत ते एका मालगाडीने होऊ लागले. देशभर हेच घडले. ज्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा धंदा बसला त्यांच्याकडे सरकारने ‘बेकार’ म्हणून नव्हे तर ‘संशयित’ म्हणून पाहिले. ज्याचे एक ठिकाण नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो चोरच असला पाहिजे, असा तो हिशेब. त्यांच्यातल्या कोणीच कधी चोरी केली नाही असे कोणी म्हणणार नाही. पण चोरी कोणत्या जातीत होत नाही? गिरणीच्या हिशेबात गडबड करणाऱ्या कारकुनामुळे त्याच्या साऱ्या जातीला रोज ठाण्यावर हजेरी द्यावी लागल्याचे आपण कधी ऐकले आहे काय?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरची पाहणी केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून आजही पाळला जातो. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळाले, आणि या आपल्या बांधवांना त्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत.

कायदा गेला, परंतु शब्द जाण्यास वेळ लागतो, आणि कधी कधी तो जातच नाही. आपण फसविणाऱ्याला सहज ‘भामटा’ म्हणतो. भामटा हे त्या चौदा जातींपैकी एका जातीचे नाव आहे, हे बोलताना किती जणांच्या ध्यानात असते? निगरगट्ट माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो. तेही एका जातीचे नाव आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. जो शब्द समाजाने शिवी म्हणून फेकला तो त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवला, आणि त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका जातीचे नाव शब्दकोशात लबाडीचा पर्याय म्हणून बसते तेव्हा त्या जातीतील पोराला शाळेत पहिल्या दिवशी आपले आडनाव सांगताना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करून पाहावी. भाषाशुद्धीच्या चर्चा आपण पुष्कळ करतो. परभाषेतील शब्द काढून टाकावे की नाही यावर वाद घालतो. त्याआधी हे असले शब्द तोंडातून काढून टाकले तर ती खरी भाषाशुद्धी होईल.

हा प्रश्न जुना झाला असेही समजू नये. तुरुंगांच्या अनेक नियमपुस्तकांत ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाची व्याख्या अशा जमातींशी जोडलेली होती, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देऊन तो प्रकार बंद करावा लागला. सराईत म्हणजे ज्याचा हात एखाद्या कामावर बसला आहे असा. तो शब्द एका व्यक्तीला लागू शकतो, आणि तोही तिला पूर्वी झालेल्या शिक्षा मोजून. जन्माने कोणी सराईत होत नाही. पाळण्यातल्या मुलाचा हात कशावर बसलेला असतो?

आतापर्यंत आपण पाहिले की, कोर्टाच्या निकालाआधी हा शब्द वापरू नये आणि जातीला तर कधीच वापरू नये. आता एक अवघड प्रश्न राहतो. कोर्टाने दोषी ठरविले म्हणजे तरी सर्व संपले काय? कायदा मोडणारा प्रत्येक जण लोकांच्या मनातही गुन्हेगार ठरतो काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासानेच दिले आहे. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरविले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांनी ज्यूरीचा निर्णय ऐकूनही आपण निर्दोष असल्याचे निक्षून सांगितले. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींवर त्याच कलमाखाली खटला चालला. गांधीजींनी आरोप तेथेच कबूल केला आणि कायद्यात असेल ती कठोर शिक्षा देण्यास सांगितले. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन त्यांनाही सहा वर्षे दिली. कलम एक, शिक्षेची वर्षे तितकीच. एकाने तो शब्द नाकारला, दुसऱ्याने शांतपणे स्वीकारला. जनतेने दोघांनाही वंदन केले. येथे सरकारचे माप आणि लोकांचे माप वेगळे पडले. म्हणूनच मराठीला त्या काळी एका वेगळ्या शब्दाची गरज भासली आणि ‘सविनय कायदेभंग’ हा शब्द घरोघर गेला. कायदा उघडपणे मोडावयाचा, शिक्षा चुकवावयाची नाही आणि कोणाला इजा करावयाची नाही, अशा माणसाला गुन्हेगार म्हणण्यास जीभ रेटेना. त्याला सत्याग्रही म्हणू लागले.

विदर्भाला समुद्र नाही. तेव्हा १९३० साली आपल्याकडे मिठाचा कायदा कोठे मोडणार? लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. नंतर ही चळवळ मध्यप्रांत-वऱ्हाडात पसरली. गवताची एक पेंढी कापणे हा गुन्हा कसा, असा प्रश्न ज्यांना पडत होता त्यांच्या मनातले त्या दिवशी कोणीतरी करून दाखविले. पुढे १९४२ च्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यातील तुमसरला गोळीबार झाला. सरकारी कागदांत त्या वेळचे लोक दंगेखोर होते. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो.

जंगलाचा विषय निघाला आहे तर घरचेच उदाहरण घेऊ. नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत राहणाऱ्याला ‘निस्तार’ हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. घरच्या गरजेपुरते सरपण, बांबू, चारा जंगलातून आणण्याची जी जुनी सवलत ती निस्तार. तिच्याच शेजारी दुसरा शब्द उभा आहे, तो ‘वनगुन्हा’. तीच मोळी, तीच वाट, तीच बाई. एका कागदाप्रमाणे तिचा निस्तार, दुसऱ्या कागदाप्रमाणे तिचा गुन्हा. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि त्याच्या आरंभीच जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. त्या कायद्याने गौण वनोपजावर या लोकांचा मालकी हक्क सांगितला. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला त्यानुसार सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली त्या ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर आपला बांबू विकला. काल ज्या बांबूसाठी दंड होई, त्याच बांबूचे पैसे आज ग्रामसभेच्या खात्यात. माणसे बदलली नाहीत, बांबू बदलला नाही; शब्द बदलला. यावरून वाघाची शिकार करणारा आणि सागाची चोरटी तोड करणारा यांनाही निरपराध म्हणावे असा अर्थ कोणी काढू नये. सांगावयाचे एवढेच की, गुन्हा ही आकाशातून पडलेली वस्तू नसून माणसांनी ठरविलेली मर्यादा आहे. ती पाळली पाहिजे. पण ती चुकीची असेल तर सुधारलीही पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला काय म्हणावे? औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तेथे उंच भिंती नाहीत. कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. खुनाची शिक्षा झालेली माणसेही विश्वास टाकला तर जमीन कसू शकतात, एवढी साधी गोष्ट त्यात आहे. मुलांच्या बाबतीत तर कायदा आपल्या पुढे गेला आहे. पूर्वी आपण ‘बालगुन्हेगार’ म्हणत असू. २०१५ सालच्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शब्द बोजड आहे, जिभेवर बसत नाही, हे कबूल. पण त्यामागचा हेतू पहा. मूल गुन्हेगार नाही. ते कायद्याशी झालेल्या संघर्षात सापडले आहे. मुलांच्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द वापरू नयेत, असे तत्त्वच त्या कायद्यात सांगितले आहे, आणि अशा मुलाचे नावगाव छापण्यास मनाई आहे. संसदेला शब्दांविषयी कलम लिहावे लागले, यावरूनच शब्दांची ताकद कळून येते.

असो. बोलता बोलता बरेच दूर आलो. मग गुन्हेगार कोणास म्हणावे? माझे उत्तर असे आहे. ज्याच्या एका ठराविक कृत्याबद्दल कोर्टाने दोष सिद्ध ठरविला, त्याला, त्या कृत्यापुरते आणि त्या शिक्षेपुरते. निकालाआधी तो आरोपी आहे, निर्दोष सुटला तर तो आपल्यासारखाच एक नागरिक आहे, आणि शिक्षा भोगून आला तर त्याने आपली गुन्हेगारी, मराठेशाहीतल्या अर्थाने, भरून टाकली आहे. ज्याचे नुकसान झाले, ज्याच्या घरात चोरी झाली किंवा ज्याच्या माणसाचा जीव गेला, त्याचा टाहो यामुळे कमी ठरत नाही. उलट खरा दोषी शोधण्याची शक्यता वाढते. कारण पहिल्या सापडलेल्या माणसालाच गुन्हेगार म्हणून आपण मोकळे झालो की खरा चोर खुशाल बाजारात फिरत राहतो.

येथून घरी जाताना वाटेत ठाण्याचा कंदील दिसेल, पलीकडे कोर्टाची इमारत दिसेल. या दोन इमारतींमध्ये जे अंतर आहे ते पायी चालण्यास थोडे आहे, पण न्यायाच्या वाटेने फार मोठे आहे. त्या वाटेवर असलेल्या माणसाला कोर्टाच्या दारापर्यंत पोहोचू द्यावे. निकाल देण्याचे काम तेथे बसलेल्या अधिकाऱ्याचे आहे. बाजारातल्या आपल्या जिभेने ते त्याच्या आधी उरकून टाकू नये, एवढीच या वैशाखातल्या संध्याकाळी आपणा सर्वांना विनंती आहे.